टायर कधी बदलायचा, हे माणसाला कसं कळलं?

मागच्या वेळी आपण शिवणयंत्राचा इतिहास ऐकला. आज आपण टायरविषयी बोलणार आहोत. टायर म्हटल्यावर काही जणी हसतील. म्हणतील, टायर हा पुरुषांचा विषय, आपण कुठं गाडी चालवतो? पण बायांनो, चालवत नसलो तरी बसतो ना? बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, माहेरी आपण वडापच्या जीपनंच जातो. गाडी रस्त्याला धरून ठेवते ती चार चाकांवरची चार तळव्यांएवढी जागा. तेवढ्या जागेवर आपला सगळ्यांचा जीव असतो.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा जून महिना. तालुक्याचा बाजार करून आमच्या गटातल्या सहा जणी जीपनं परत येत होतो. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. ओढ्याजवळच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, दादांनी ब्रेक दाबला आणि जीप थांबायच्या ऐवजी तशीच सरकत गेली. साबणावरून पाय घसरावा तशी. बाजूच्या चारीत जाऊन कलंडली. देवाची कृपा, जीव कुणाचा गेला नाही. पण आमच्यातल्या एकीचा उजवा हात मोडला. तिनं गटाकडून कर्ज घेऊन शिवणयंत्र आणलं होतं. तीन महिने यंत्रावर कापड टाकून ठेवलं आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

जीप बाहेर काढायला फाट्यावरचा पंक्चरवाला आला. त्यानं चाकाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, ह्या टायरात राहिलंय काय? पार गोटा झालाय." आम्ही विचारलं, तुला आधी माहीत होतं का? म्हणाला, "चार महिने झाले. हवा भरायला येते की गाडी." त्याला माहीत होतं. दादांनाही माहीत होतं. रोज त्या चाकाशेजारून पाय टाकून आत चढणाऱ्या आम्हाला तेवढं माहीत नव्हतं. मग आम्ही ठरवलं, हे शिकायचंच. गॅरेजवाल्याकडून शिकलो, पुस्तकांतून वाचलं. ते वाचताना कळलं की टायर झिजला हे ओळखायला माणसाला किती वर्षं लागली, आणि ती ओळख शेवटी आपल्यासारख्यांपर्यंत पोचावी अशी सोय कशी झाली. तीच गोष्ट आज सांगतो.

आपल्या बैलगाडीपासून सुरुवात करू. लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी असते. तिला आपण धाव म्हणतो. लोहार धाव तापवून लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की तुंबा, आरे सगळं एकमेकांना घट्ट आवळून धरायचं. धाव सैल झाली की चाक खडखड वाजायचं. आवाज ऐकून घरातली म्हातारीसुद्धा सांगायची, "धाव ढिली झालीय, लोहाराकडं न्या." म्हणजे चाकाची झीज तेव्हा सगळ्यांना ऐकू यायची. त्यात लपलेलं काही नव्हतं. रबराचं चाक आलं तेव्हा हे बदललं. रबर आवाज न करता झिजतं.

मोटारगाडी जर्मनीत जन्माला आली. कार्ल बेंझ यांनी ती बनवली, पण ती लांबच्या प्रवासाला चालते हे जगाला दाखवलं त्यांच्या बायकोनं. तिचं नाव बेर्था बेंझ. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइम गावाहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, गाडी घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले. ते तिच्या लक्षात आलं. पुढं जायच्या आधी ती एका चांभाराकडं थांबली आणि ब्रेकच्या लाकडावर चामडं ठोकून घेतलं. पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातच झिजलेला भाग ओळखून वाटेत बदलून घेतला तो एका बाईनं. तेव्हा "गाडीतलं बायकांना काय कळतं" असं कुणी म्हटलं, तर ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

त्याच सुमारास आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा आणि दगडी रस्त्यावर त्याला फार धक्के बसायचे. वडिलांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकाभोवती बसवली. १८८८ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढं कळलं की हीच कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, पण तेव्हा सायकलीही नव्हत्या आणि मोटारीही नव्हत्या, म्हणून ती तशीच पडून राहिली. १८९५ मध्ये फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झालं. शर्यत काही जिंकली नाही, पण मोटार हवेवर चालू शकते हे लोकांनी पाहिलं.

तेव्हाचे टायर बघितले तर आपण ओळखणारही नाही. एक तर ते मळकट पांढरे असायचे, कारण कच्चं रबर त्याच रंगाचं असतं. दुसरं म्हणजे ते गुळगुळीत असायचे. नक्षी नाही, खाचा नाहीत. काही हजार किलोमीटर झाले की टायर संपला. पुढं कळलं की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी पट टिकतं. १९१० नंतरच्या काळात ही काजळी सर्रास मिसळायला लागले आणि टायर काळा झाला. चुलीवरच्या पातेल्याला बसते तसलीच ती काजळी, फक्त कारखान्यात मुद्दाम केलेली.

नक्षी का आली, तेही समजून घेऊ. कारण आमच्या जीपची गोष्ट त्यातच आहे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर चांगला धरतो. शर्यतीच्या मोटारी आजही कोरड्या रस्त्यावर बिननक्षीचे टायर लावतात, कारण सगळं रबर रस्त्याला टेकतं. म्हणून झिजलेल्या टायरचा ड्रायव्हर जेव्हा म्हणतो, "सगळा उन्हाळा चालवली, काही झालं नाही," तेव्हा तो खोटं बोलत नसतो. गडबड होते ती पाऊस पडल्यावर. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी येतं. त्या पाण्याला बाहेर जायला वाट लागते. खाचा म्हणजे ती वाट, आपल्या शेतातल्या चारीसारखी. चारी बुजली की पाणी शेतात तुंबतं, तसंच खाच बुजली की पाणी चाकाखाली तुंबतं. गाडी मग रस्त्यावर नाही, पाण्यावर चालते. अशा वेळी ब्रेक दाबून उपयोग नाही, स्टिअरिंग फिरवूनही उपयोग नाही. १९०८ च्या सुमाराला अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं न घसरणारा टायर काढला. त्याच्या नक्षीत 'न घसरणारा' हेच इंग्रजी शब्द उठावाच्या अक्षरांत कोरलेले होते.

तेव्हा गाडीबरोबर जादा चाकही नसायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथ्ली गावात डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचं दुकान होतं स्टेपनी नावाच्या रस्त्यावर. त्या रस्त्याचं नाव चाकाला पडलं आणि आज आपला खेड्यातला ड्रायव्हरसुद्धा "स्टेपनी लाव रे" म्हणतो.

मैत्रिणींनो, या गोष्टीत एक काळा भाग आहे. तो वगळून पुढं जाणं बरं नाही. टायर लवकर झिजायचे, म्हणून रबर फार लागायचं. रबर तेव्हा जंगलातून यायचं. आफ्रिकेतला काँगो देश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. तिथल्या लोकांना जंगलातून रबर आणायची सक्ती होती. पुरुषांनी रबर आणावं म्हणून त्यांच्या बायकांना ओलीस ठेवत. ठरलेलं रबर आलं नाही तर गावं जाळत, माणसं मारत, हात तोडत. ॲलिस सीली हॅरिस नावाची एक इंग्रज बाई तिथं मिशनचं काम करत होती. १९०४ मध्ये एक बाप तिच्या दारात आला. त्याच्या हातात पानात गुंडाळलेला, त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय होता. ॲलिसनं त्याचा फोटो काढला. असे फोटो इंग्लंड-अमेरिकेत सभांमधून दाखवले गेले. लोक हादरले. १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातातून काढून घ्यावा लागला. एका बाईनं बघितलं आणि दुसऱ्यांना दाखवलं, त्याचा यात मोठा वाटा होता.

रबर मग आशियात आलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनला नेल्या होत्या. त्यांची रोपं श्रीलंका, मलाया इथं गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केरळातही रबराचे मळे झाले. आज केरळात पहाटे डोक्याला दिवा बांधून झाडाची साल तासणाऱ्यांत बायाही आहेत. १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज इथं डनलॉपनं भारतातला पहिला टायरचा कारखाना काढला. मग टायर मोटारीपुरता राहिला नाही, बैलगाडीलाही लागला. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना टायरगाडी वेगळी सांगायला नको. धावेच्या गाडीपेक्षा ती हलकी ओढते, म्हणून तिच्यावर ऊसही जास्त रचतात.

आता येऊ १९४२ सालावर. आमच्या मते या गोष्टीचं मधलं वळण हेच. दुसरं महायुद्ध चालू होतं. जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि अमेरिकेला येणारं बहुतेक सगळं रबर बंद झालं. अमेरिकेत युद्धकाळात सगळ्यांत आधी ज्या वस्तूवर रेशन आलं, ती वस्तू साखर नव्हती, टायर होती. १९४२ च्या जानेवारीत गावोगावी समित्या बसल्या. नवा टायर कुणाला द्यायचा, ते समिती ठरवायची. डॉक्टर, घरोघरी फिरणारी नर्स, रुग्णवाहिका, आगीचा बंब यांना आधी. घरच्या गाडीला नाही. एका गाडीमागं पाचपेक्षा जास्त टायर ठेवायचे नाहीत, जादाचे जमा करायचे. टायर वाचावेत म्हणून वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर केली. पेट्रोलवरही रेशन आणलं ते मुख्यतः रबर वाचवायला, पेट्रोल वाचवायला नव्हे. एका गाडीत शेजाऱ्यांनी मिळून जावं म्हणून जाहिराती लागल्या.

आणि टायरची ठरावीक मुदतीनं तपासणी सुरू झाली. गाडीबरोबर एक कागद असायचा, त्यावर तपासणाऱ्यानं नोंद करायची. हवा बरोबर आहे का, झीज सारखी आहे का, पुन्हा रबर चढवायची वेळ आली का. त्या दिवसांत सामान्य घरांनाही कळलं की हवा कमी असली तर टायर कडेनं झिजतो, वेग वाढवला तर लवकर संपतो, चाकं अदलून बदलून लावली तर जास्त टिकतो. टंचाईनं लोकांना टायरकडं बघायला शिकवलं. पण तेव्हा बघायचं ते टायर शेवटपर्यंत पुरवायला. माणूस वाचवायला बघायची पाळी अजून यायची होती.

युद्ध संपलं, टायर पुन्हा मुबलक झाले. मोठे रस्ते झाले, वेग वाढला आणि अपघातही वाढले. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानाच्या चाकांवर प्रयोग झाले. ओल्या धावपट्टीवर ठरावीक वेगाला चाक पाण्यावर कसं उचललं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९६६ मध्ये अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखाली १९६८ मध्ये टायरचे नियम लागू झाले. त्यात एक छोटी गोष्ट होती, आणि आमच्या मते सगळ्या इतिहासात तीच सर्वांत मोलाची. टायर बनवतानाच खाचेच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या घालायच्या, गोल फिरून किमान सहा ठिकाणी. उंची एक इंचाचा सोळावा भाग, म्हणजे १.६ मिलिमीटर. नक्षी झिजत झिजत त्या पट्टीला येऊन टेकली की टायर संपला. मोजपट्टी नको, मिस्त्री नको. नुसत्या डोळ्यांनी कळलं पाहिजे, हाच त्या नियमाचा हेतू होता.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नियम झाला की नक्षी निदान १ मिलिमीटर तरी हवी. पुढं १९९२ पासून युरोपच्या नियमाप्रमाणे ती १.६ मिलिमीटर केली. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. आज त्यांप्रमाणे जीप, कार, ट्रक यांच्या टायरला १.६ मिलिमीटर आणि दुचाकी, रिक्षा यांना ०.८ मिलिमीटर नक्षी राहिलीच पाहिजे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर तिथं टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागानं नाक्यांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. पण मैत्रिणींनो, आपल्या वाडीच्या रस्त्यावर नाका नाही. तिथं तपासणी कोण करणार? पट्टी आहे, ती बघणारे डोळे हवेत.

तर आता बघायचं कसं, ते सांगतो. गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, बसायच्या आधी.

पहिलं, पट्टी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर वरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो, नाहीतर टी डब्ल्यू आय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. अक्षरं वाचता आली नाहीत तरी त्रिकोण ओळखता येतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत बोट फिरवा. मध्ये छोटा उंबरा लागेल. उंबरा खाली आणि नक्षी वर असेल तर टायर अजून आहे. दोन्ही एका पातळीला आले असतील तर टायर संपला.

दुसरं, झीज सारखी आहे का. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवून गाडी चालवली. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली. एकच कड झिजली असेल तर चाक वाकडं चालतंय. एका जागी जरी पट्टी लागली तरी टायर बदलायला झाला. बाकीची नक्षी दाखवून "बघा, किती आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तिसरं, फुगवटा. बाजूच्या भिंतीवर बेडकीसारखा फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. नक्षी नवी असली तरी तो टायर केव्हाही फुटेल. त्या गाडीत बसू नका.

चौथं, भेगा आणि वय. उन्हातान्हात उभ्या गाडीचा टायर न चालताही म्हातारा होतो. उन्हाळ्यात टाचांना भेगा पडाव्यात तशा भेगा पडतात. भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. समजा २३१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी बदलावा. काही गाड्यांच्या कंपन्या सहाच वर्षं धरतात. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, कमी चालणारी जुनी जीप यांना हे फार लागू आहे.

पाचवं, फसवणूक. जुन्या टायरवर कारखान्यात नीट नवं रबर चढवतात, त्यात गैर काही नाही. आपल्या एसटीचीही अशी केंद्रं आहेत. पण काही ठिकाणी संपलेल्या टायरमध्ये गरम पातीनं नुसत्या खाचा कोरतात आणि नक्षी असल्याचं भासवतात. त्यात रबर आणखी पातळ होतं आणि आतल्या दोऱ्या उघड्या पडायला येतात. ओळख सोपी आहे. त्रिकोणाच्या रेषेत बोट फिरवल्यावर उंबरा लागतच नाही, खाच सरळ आरपार जाते. उंबराच कापला गेला, म्हणजे टायर कोरलेला आहे.

आणि सहावी गोष्ट आपल्याही हातात आहे. नऊ जणांच्या जीपमध्ये आपण अठरा जणी बसतो. भार वाढला, हवा कमी असली की टायर दबतो, सारखा वाकतो, तापतो. मे महिन्यातल्या डांबरावर तापलेला झिजका टायर फुटायला वेळ लागत नाही. उशीर होतो, दुसरी गाडी नसते, हे आम्हालाही माहीत आहे. पण दाटीवाटीनं बसताना निदान टायर तरी बघून बसा.

आता आमच्या जीपचं पुढं काय झालं, ते सांगून संपवतो. दादांवर आम्ही आधी फार चिडलो. जीप दुरुस्त होऊन आली तेव्हा आम्ही टायर बघितला. मागचे दोन तसेच होते. आम्ही सरळ सांगितलं, "दादा, टायर बदलल्याशिवाय आम्ही बसणार नाही." ते म्हणाले, "काकू, दुरुस्तीतच सगळे पैसे गेले. टायर आणू कुठून? मला का जीव नको झालाय?" आणि खरंच, त्या टायरवर सगळ्यांत जास्त वेळ तेच बसत होते. पंक्चरवाल्याला माहीत होतं, दादांना माहीत होतं, पण माहीत असून पैसे नव्हते. पट्टी दाखवते की टायर संपला. नवा कुणी आणायचा, ते पट्टी सांगत नाही.

हा विषय गटाच्या बैठकीत आला. दादांची बायको आमच्याच गटात आहे. तिनं दोन टायरपुरतं अंतर्गत कर्ज मागितलं. वाद झाला. एक जण म्हणाली, "हात आपला मोडला आणि पैसेही आपणच द्यायचे का?" तिचं चुकीचं नव्हतं. ज्यांचा हात मोडला होता, त्या गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "मला त्या जीपनंच कापड आणायला जायचंय. द्या." कर्ज दिलं, दहा हप्त्यांत. दोन अटी घातल्या. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी जीप शाळेपुढं उभी करायची आणि आम्ही टायर बघणार. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा जास्तीचं बघणार, मृगाच्या आधी आपण कौलं बघतो तसं.

गॅरेजवाल्यानं नवे दोन टायर मागच्या चाकांना लावले. आम्ही विचारलं, पुढं का नाही? म्हणाला, ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं की गाडी गरकन फिरते, ती ड्रायव्हरला सावरता येत नाही. दोनच नवे असतील तर ते मागं. पुढचे दोन पट्टीच्या बरेच वर होते. तेही आम्ही बोट घालून बघितलं.

हप्ते फिटले. हात बरा झाला, पण जास्त वेळ शिवलं की अजून दुखतो. जीप चालू आहे. परवाच्या बैठकीला दादांनी आपणहून सांगितलं, "काकू, पुढचा डावा पट्टीला यायला लागलाय. दिवाळीपर्यंत बघावं लागेल." पूर्वी हे फक्त त्यांना माहीत असायचं. आता आम्हालाही माहीत आहे, आणि पैसे कसे जमवायचे याचं बोलणं आतापासूनच सुरू झालं आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. ज्या गाडीनं तुम्ही नेहमी जाता, तिच्या टायरवरचा त्रिकोण शोधा आणि खाचेत बोट फिरवून उंबरा लागतो का बघा. शाळेत जाणाऱ्या मुलींनाही दाखवा. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा, काय दिसलं. टायर संपलेला दिसला तर ड्रायव्हरदादांशी भांडायच्या आधी एकदा बसून बोला, आणि बोलून झालं नाही तर मात्र गाडीत बसू नका.

तोवर तुमचा निरोप घेतो. जपून जा, जपून या. राम राम.